पाच स्टार, पण ओल तशीच

‘मॅडम फार छान समजावतात. ओल अजून आहे. पाच स्टार.’

माझ्याबद्दलचं हे मत डोंबिवलीच्या एका काकूंचं. त्याच्या खालोखाल पुण्यातल्या एका तरुणाचं आहे: ‘उपाय काहीच सांगितला नाही, नुसता कायदा शिकवला. पैसे वाया. दोन स्टार.’ या मुलाचे साठ-सत्तर हजार रुपये त्या एका कॉलमध्ये वाचले होते. काकूंना मात्र मी फक्त काही तपासण्या करून बघायला सांगितल्या होत्या आणि मत लिहीपर्यंत त्यांनी त्यातली एकही केलेली नव्हती.

मी सिव्हिल इंजिनिअर. ठाणे-कल्याण पट्ट्यात जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं बरीच वर्षं केली. परांचीवर चढताना गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा घरमालकांना ऑनलाइन सल्ला देणाऱ्या एका सेवेत शिरले. ग्राहक अ‍ॅपवर पैसे भरतो, वेळ ठरवतो, व्हिडिओ कॉलवर भिंत दाखवतो. पाणी कुठून येत असावं, कोणाला बोलवायचं, खर्च किती येईल आणि कोणत्या खर्चाच्या वाटेला जायचं नाही, हे मी सांगायचं. कॉल संपला, की मिनिटाभरात त्याच्या फोनवर स्टार मागणारी खिडकी उघडते. या स्टारच्या सरासरीवर पुढचे कॉल कोणाला द्यायचे हे ठरतं. त्यामुळे ग्राहकांची मतं आम्ही सगळे सल्लागार परीक्षेचा निकाल बघावा तशी बघतो.

वाचून वाचून माझं एक मत झालंय. घराबद्दलच्या सल्ल्याला मिळालेले स्टार बहुतेक वेळा सल्ल्याला मिळालेले नसतातच. ते सल्लागाराच्या आवाजाला असतात, कॉल वेळेवर लागल्याबद्दल असतात आणि पुष्कळदा जे ऐकायचं होतं तेच ऐकायला मिळालं म्हणून असतात. एका गृहस्थांनी मला एकच स्टार दिला, कारण बाथरूम ईशान्येला असल्यामुळे भिंतीला ओल येते का, या प्रश्नावर मी ‘नाही’ म्हणाले. ‘वास्तूचं काहीही ज्ञान नाही’ असा शेरा अजून तिथे आहे. खरं तर शेरा अचूक आहे!

यात ग्राहकाचा दोष आहे असं मी म्हणत नाही. मालच तसा आहे. १९७० मध्ये फिलिप नेल्सन या अर्थतज्ज्ञाने वस्तूंचे दोन गट पाडले होते. साडीचा पोत विकत घेण्याआधी हाताने बघता येतो. मिसळ कशी आहे ते खाल्ल्यावर कळतं. १९७३ मध्ये मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी त्यात तिसरा गट घातला: ज्या सेवेचा दर्जा ती घेऊन झाल्यावरही ग्राहकाला धड ठरवता येत नाही. अपेंडिक्स काढायची खरोखर गरज होती का, हे रुग्णाला पोट शिवून झाल्यावरही कळत नाही, हे त्यांचं उदाहरण. घराच्या गळतीचा सल्ला याच गटातला. मिसळीच्या दुकानाला स्टार द्यायची पद्धत आपण अपेंडिक्सला लावून बसलोय.

काकूंचीच भिंत घ्या. इमारत पंचवीसेक वर्षांची, घर दुसऱ्या मजल्यावर. हॉलची जी भिंत बाथरूमला लागून आहे, तिला खालून हातभर उंचीपर्यंत पोपडे आलेले. काकूंच्या आधीच्या रंगाऱ्याने दोनदा लांबी भरून, वर ‘वॉटरप्रूफ’ म्हणून मिळणारा रंग मारून दिला होता. दोन्ही वेळा दिवाळीत भिंत चकाचक आणि होळीपर्यंत पुन्हा पोपडे. कॉलवर नातू फोन धरून फिरत होता. मी विचारलं, ‘ओल बारा महिने असते की पावसाळ्यात वाढते?’ काकू म्हणाल्या, ‘बारा महिने.’ म्हणजे पावसाचा संबंध कमी. ‘गावाला जाऊन आलात की कमी दिसते का?’ काकूंनी जरा आठवून पाहिलं. मे महिन्यात सगळे कोकणात गेले होते, परत आले तेव्हा भिंत बरीच वाळली होती. इथेच अर्धं निदान झालं. पाइपातून सतत गळत असतं, तर घर बंद असतानाही गळलं असतं. पाणी वापराचं होतं.

मग नातवाला रुपयाचं नाणं घेऊन बाथरूमच्या टाइल्स ठोकायला सांगितल्या. फोनवरही फरक ऐकू येतो. भरीव टाइल टणक वाजते, खाली पोकळी असली की आवाज बद्द येतो. नहाणी ट्रॅपभोवतीच्या चारही टाइल्स बद्द वाजल्या. जाळी उचलून दाखवायला सांगितली, तर ट्रॅपचं तोंड आणि टाइल यांच्यामधला व्हाइट सिमेंटचा सांधा पार झिजलेला. आंघोळीचं बरंचसं पाणी ट्रॅपमधून नीट जात होतं. थोडं त्या फटीतून टाइल्सखालच्या भरावात मुरत होतं. बाथरूमचा स्लॅब आपल्याकडे खाली घेतलेला असतो, त्यात विटांचे तुकडे आणि कोबा भरलेला असतो. तो भराव एकदा भिजला, की पाणी वाट मिळेल तिथून बाजूच्या भिंतीत चढतं. म्हणून ओल हातभर उंचीची आणि म्हणून रंगाने ती जाणार नव्हती.

माझा अंदाज फोनवरचा असल्यामुळे तो तपासायला हवा होता. ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तिच्यावर तारीख लिहायची. ट्रॅपमध्ये कापडाचा बोळा घट्ट बसवून बाथरूममध्ये दोन बोटं पाणी भरायचं, त्यात रंग मिसळायचा, भिंतीवर पातळीची खूण करायची आणि दिवसभर बाथरूम बंद ठेवायचं. दरम्यान खालच्या मजल्यावरच्यांच्या छतावर लक्ष ठेवायचं. पाणी उतरलं आणि खाली रंगीत डाग दिसला, तर अंदाज बरोबर. तसं झालं तर आधी नुसता ट्रॅपचा सांधा आणि टाइल्सच्या फटी भरून बघायच्या. सगळं बाथरूम फोडायचं काम त्यानंतरचं.

आता काकूंच्या त्या मताकडे या. ‘ओल अजून आहे.’ अर्थात आहे! कॉल झाला त्याच संध्याकाळी ते लिहिलं गेलं. उद्या सांधा भरला आणि गळती पूर्ण थांबली, तरी भिजलेला भराव आणि गिलावा वाळायला काही आठवडे, कधी काही महिने जातात. पावसाळी हवेत त्याहून जास्त. म्हणजे दुरुस्ती बरोबर झाली असेल तरी महिन्याने ओल दिसणार. उलट, कोणी चुकीचं निदान करून वर जाड लांबी आणि रंग मारला, तर महिन्याने भिंत सुरेख दिसणार. त्या महिन्यात स्टार दिले, तर चुकीच्या माणसाला पाच आणि बरोबर माणसाला दोन मिळतील.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट आहे. ऑनलाइन मतांचा आलेख काढला, तर तो बहुधा इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा येतो: पाच स्टारचा ढीग, एक स्टारचा छोटा ढीग आणि मधे जवळपास शुकशुकाट. नान हू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये याची कारणं मांडली. वस्तू आवडेल असं वाटणाराच ती घेतो, म्हणून वरचा ढीग. आणि फार खूश किंवा फार चिडलेला माणूसच लिहायचे कष्ट घेतो, म्हणून दोन टोकं. ‘ठीक होतं’ असं वाटणारा माणूस खिडकी बंद करून चहा घ्यायला जातो. घरांच्या बाबतीत नेमका हाच माणूस सगळ्यात उपयोगाचा, कारण त्याच्याकडे सांगायला तपशील असतो. मी स्वतः कोणाची मतं बघायची झाली, तर तीन स्टारची आधी उघडते.

पुण्याच्या मुलाची गोष्ट वेगळी होती. वाकडच्या बाजूला नवा टॉवर, ताबा मिळून तीनेक वर्षं झालेली. बेडरूमच्या खिडकीखाली पावसाळ्यात पाणी झिरपायचं. एकाने बाहेरून कोटिंग आणि आतून लांबी-रंग यासाठी साठ-सत्तर हजारांचा अंदाज दिला होता. त्याला माझ्याकडून एवढंच हवं होतं, की दर बरोबर आहे का आणि कोटिंग कोणत्या कंपनीचं घेऊ. मी म्हटलं, ‘एक रुपया घालू नकोस.’ रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या रचनेत, कारागिरीत किंवा दर्जात दोष दिसला आणि तो बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. फोटो काढ, तारखेसह ईमेल कर, रजिस्टर्ड पोस्टानेही पाठव. दाद मिळाली नाही तर महारेराकडे तक्रार कर. आणि तोवर भिंतीला हात लावू नकोस, नाहीतर दोष तुझ्या माणसांनी केला म्हणायला बिल्डर मोकळा.

त्याचा चेहरा उतरलेला मला दिसत होता. त्याला उत्तर हवं होतं, मी त्याला पत्रव्यवहार दिला. काही महिन्यांनी त्याच सेवेतून त्याने दुसऱ्याच कशासाठी तरी कॉल घेतला, तेव्हा कळलं की बिल्डरची माणसं दोरावरून उतरून खिडकीच्या पट्टीची फट भरून गेली होती. मी त्याचं अभिनंदन केलं. दोन स्टार मात्र आजही आहेत.

सोसायट्यांच्या भांडणातही हेच होतं. राज्याच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून, पावसामुळे बाहेरच्या भिंतीतून किंवा सामाईक पाइपातून येणाऱ्या गळतीची दुरुस्ती सोसायटीने करायची. सदनिकेच्या आतल्या कामाचा खर्च सभासदाचा. वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या बाथरूममधून पाणी येत असेल, तर सोसायटीच्या नावाने शंख करून उपयोग नाही, हे सांगितलं की स्टार उतरतात. ‘सोसायटीच जबाबदार आहे’ म्हटलं की वाढतात. हे इतकं नेमाने होतं, की नव्या सल्लागाराला गुळमुळीत बोलण्याचा मोह होणारच. जुन्यांनाही होतो.

स्टारला पैशाचं वजन आलं की काय होतं, त्याचं परदेशातलं उदाहरण सांगते. हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी २०११ मध्ये सिअ‍ॅटल शहरातल्या रेस्टॉरंट्सचा अभ्यास केला. येल्प या ग्राहकमतांच्या संकेतस्थळावर एक स्टार वाढला, तर धंदा ५ ते ९ टक्के वाढतो असं त्यांना दिसलं. मोठ्या साखळीवाल्यांना हा फरक लागू नव्हता, फक्त स्वतंत्र दुकानांना होता. घरमालकांच्या बाबतीत अमेरिकेत १९९५ मध्ये अँजीज लिस्ट सुरू झाली. ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात अँजी हिक्स ही तरुणी दारोदार फिरून सभासद गोळा करायची. सभासदांनी वर्गणी भरायची आणि प्लंबर, सुतार, छपरं दुरुस्त करणारे यांच्याबद्दल एकमेकांना सांगायचं. वाचणाराच पैसे भरत होता, म्हणून यादी त्याच्या बाजूची होती. २०१६ मध्ये मतं सगळ्यांना फुकट वाचायला मिळू लागली आणि २०१७ मध्ये ही कंपनी होमअ‍ॅडव्हायजरशी एकत्र आली. होमअ‍ॅडव्हायजरचा धंदा कारागिरांना ग्राहकांचे नंबर विकण्याचा. या नंबरांच्या दर्जाबद्दल कारागिरांची दिशाभूल केल्याच्या तक्रारीवरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये तिला ७२ लाख डॉलरपर्यंत रक्कम द्यायचा आदेश काढला. फुकट सल्ला देणारं अ‍ॅप दिसलं की मी आधी हे शोधते, की याला पैसे कोण देतं. वॉटरप्रूफिंगचा ठेकेदार देत असेल, तर तुमच्या भिंतीला वॉटरप्रूफिंगच लागणार!

आपल्याकडेही नियम आहेत, फक्त ते कोणी वाचत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून स्वतःच्या मालाबद्दल मत लिहायला बंदी आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन मतांसाठी ‘आयएस १९००० : २०२२’ हे मानक आणलं. मत देणारा खरा आहे का हे पडताळावं, मागून घेतलेलं मत आणि आपणहून आलेलं मत वेगळं दाखवावं, विकत घेतलेलं मत छापू नये, अशी त्याची अपेक्षा. ते ऐच्छिक म्हणून आलं, तिथेच त्याचे दात निम्मे पडले असं माझं मत. तरीही वाचणाऱ्याला त्यातून एक युक्ती मिळते. एका पाठोपाठ एक, एकाच आठवड्यात, ‘उत्कृष्ट सेवा, टीम अतिशय प्रोफेशनल’ अशी मतं दिसली आणि त्यात एकाही भिंतीचा, मजल्याचा, शहराचा उल्लेख नसला, तर ती मागून घेतलेली किंवा बनवलेली समजावी. खऱ्या घरमालकाला स्वतःच्या गळतीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही.

एका बाबतीत मात्र मी ग्राहकाच्या मतावर डोळे मिटून विश्वास ठेवते: पैसे. वर्षाची वर्गणी न विचारता कापली, रद्द करायचं बटण सापडेना, आधी ४९९ सांगून शेवटच्या पानावर आणखी आकार लावले, या तक्रारी करणाऱ्याला पाणी कुठून येतंय हे कळत नसेल, पण खात्यातून किती गेले हे नक्की कळतं. अशा एक स्टारच्या तक्रारी चार-पाच जणांनी वेगवेगळ्या महिन्यांत लिहिलेल्या दिसल्या, की त्या सेवेपासून लांब राहा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीचे १३ प्रकार ठरवून त्यांवर बंदी आणली. वर्गणीचा सापळा आणि हळूहळू किंमत वाढवत नेणं हे दोन्ही त्यात आहेत. कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना बँकेने २४ तास आधी द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचाही नियम आहे. तो मेसेज आला की वाचा, पुसून टाकू नका. तक्रार करायची तर आधी सेवेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे: त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल. तिथे काही झालं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, आणि मुंबई-ठाण्याकडे १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत आहे.

पाण्याबद्दलच्या मतात मी वेगळं शोधते. सल्लागाराने आधी प्रश्न विचारले, असं कोणी लिहिलंय का? ‘फोनवर सांगता येणार नाही, माणूस पाठवून बघा’ असं म्हणाल्याचा राग कोणी काढलाय का? तसा राग दिसला की त्या सल्लागाराबद्दल माझं मत चांगलं होतं. कॉलमला उभी चीर गेलीय, सळई दिसतेय, स्लॅबचे तुकडे पडताहेत, असं काही असेल, तर कॅमेऱ्यातून बघून ‘काही नाही, प्लास्टर करा’ म्हणणारा धोकादायक. गंजलेली सळई मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेते आणि आतून काँक्रीट फोडते. ते किती आत गेलंय हे फोनवर दिसत नाही. तिथे स्ट्रक्चरल ऑडिटच लागतं. मुंबईत तर ३० वर्षांवरच्या इमारतींना महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब प्रमाणे ते करून घेणं बंधनकारकच आहे.

परदेशी राहून इथे आईवडिलांच्या घराची काळजी करणारी मुलं मात्र मतं फार नीट लिहितात. दुबईतल्या एकाने नाशिकच्या बंगल्याच्या गच्चीबद्दल लिहिलेलं मत मी इतरांना दाखवते. कोबा कधीचा होता, पाणी कुठे साठत होतं, आम्ही काय सांगितलं, गवंड्याने त्यातलं काय केलं आणि काय टाळलं, खर्च किती आला, हे सगळं त्यात आहे. त्याने ते जुलैमध्ये तीन स्टार देऊन लिहिलं, आणि पाऊस सरल्यावर पुन्हा येऊन खाली चार ओळी घालून चार स्टार केले. पाचवा का नाही, तर पायऱ्यांजवळ एक कोपरा अजून ओला होता. अगदी बरोबर केलं त्याने.

तुम्हीही असा सल्ला घेतला असेल, तर कॉल संपताच उघडणारी खिडकी बंद करा. वेळ पाळली का, पैसे ठरल्याप्रमाणे घेतले का, एवढंच लगेच लिहा. बाकीचं दसऱ्याच्या सुमारास. इमारतीचं वय, मजला, ओल कुठे आणि केव्हापासून, सल्ला काय मिळाला, त्यातला किती पाळला, खर्च किती, आणि एक पावसाळा जाऊन भिंत कशी आहे. बहुतेक अ‍ॅपवर जुनं मत उघडून बदलता येतं; त्याला पाच मिनिटं लागतात.